इंजिनाची भूक आणि अजीर्ण

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात, पतीला पूर्वसूचना न देता आणि ऑयगेन व रिचर्ड या आपल्या दोन किशोरवयीन पुत्रांना बरोबर घेऊन, बेर्टा बेंझ ही जर्मन स्त्री कार्ल बेंझ याने घडविलेल्या तीनचाकी मोटारीत बसली आणि मानहाइमहून सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या फोर्झहाइम या आपल्या माहेरगावी निघाली. मोटारीच्या इतिहासातील पहिला दीर्घ प्रवास तो हाच, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्याच प्रवासात आणखी एका विद्येचा आरंभ झाला, तिकडे लक्ष क्वचितच जाते. वाटेत इंधनाची नळी तुंबली आणि इंजिन बंद पडले, तेव्हा या स्त्रीने टोपीला खोवलेली लांब पिन काढून नळीतील अडथळा दूर केला. आणि इंधन सरत आले, तेव्हा वीसलॉख गावातील औषधालयातून, कपड्यांवरील डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रोईन विकत घेऊन मार्ग चालू ठेवला. इंजिन थांबले, त्याचे कारण उपासमारीत आहे, उपासमारीचे कारण नळीत आहे आणि नळीतील अडथळा हाताच्या अंतरावर आहे, अशी कार्यापासून कारणाकडे जाणारी तर्काची साखळी त्या दिवशी रस्त्याच्या कडेला प्रथम जुळली. आज टर्बो बसविलेल्या, मूळ कारखान्याच्या मर्यादेपलीकडे ताणलेल्या इंजिनापुढे संगणक घेऊन बसणारा तंत्रज्ञ याच साखळीचा वारसदार आहे.

ही साखळी दिसते तितकी सरळ मात्र नाही. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळावे म्हणून वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलामागे जवळजवळ नऊ हजार लिटर हवा इंजिनाने श्वासावाटे ओढावी लागते. या प्रमाणात इंधन उणे पडले तर मिश्रण विरल होते, अधिक पडले तर दाट होते. मिस्त्रींच्या बोलीत पहिले लीन आणि दुसरे रिच. आता अडचण अशी की, या दोन परस्परविरुद्ध व्याधींची बाह्य लक्षणे पुष्कळदा एकच असतात. दोहोंत इंजिन अडखळते, दोहोंत ठिणगी वाया जाते, दोहोंत चढावर गाडीचा दम तुटतो. आणि चालकाच्या तोंडी फिर्याद मात्र एकच असते, की गाडी ओढत नाही. उपाशी मनुष्य आणि अजीर्ण झालेला मनुष्य हे दोघेही निस्तेज होऊन अंथरुणाला खिळलेले असावेत आणि वैद्याने केवळ चेहरा पाहून एकाला लंघन व दुसऱ्याला पथ्यान्न सांगावे, तशी ही परीक्षा आहे. इंधननिदानाचा सर्व इतिहास हा भूक आणि अजीर्ण यांतील भेद ओळखण्याची साधने माणसाने कशी मिळविली आणि ती साधने हाती असतानाही तो कुठे फसला, याचा इतिहास आहे.

प्रारंभीच्या काळी साधन एकच होते, आणि ते म्हणजे माणसाची पंचेंद्रिये. १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख याने फवाऱ्याचा कार्बोरेटर सिद्ध केला आणि पुढील सुमारे शतकभर बहुतेक पेट्रोल-मोटारींची क्षुधा त्याच तत्त्वावर शमविली गेली. नळीच्या आकुंचित भागातून हवा वेगाने वाहू लागली की तेथील दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबाने बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, इंधन आपोआप वर खेचले जाते. या रचनेत हिशेब ठेवणारा कोणी कारकून नव्हता. हवा हीच मागणी करी आणि हवाच वसूल करी. म्हणून दोष शोधणाराला कोणतेही दप्तर उघडता येत नसे, यंत्राच्या वर्तनावरूनच सारे अनुमान करावे लागे.

तरीही त्या पिढीने या अनुमानाचे एक सुरेख शास्त्र बनविले. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निघालेल्या एस. यू. कार्बोरेटरात हवेच्या ओढीबरोबर वर-खाली होणारा दट्ट्या व त्याला जोडलेली निमुळती सुई असे. इंजिन रिकाम्या चालीवर असताना हा दट्ट्या केसभर उचलावा. फेरे वाढून तसेच वाढलेले राहिले तर मिश्रण दाट समजावे, इंजिन तत्काळ गुदमरू लागले तर विरल समजावे, आणि फेरे क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर प्रमाण योग्य आहे असे मानावे. एका बोटाच्या हालचालीने इंजिनाला प्रश्न विचारावा आणि त्याच्या प्रतिसादावरून निवाडा करावा, यापेक्षा निर्मळ प्रयोग भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही थोडेच सापडतील. दुसरी रीत प्लगवाचनाची. इंजिन पूर्ण भारावर पळवून, एकाएकी इग्निशन बंद करून व क्लच दाबून गाडी थांबवावी आणि प्लग काढून त्याच्या चिनी मातीच्या टोकाचा रंग पाहावा: कोरडी काळी काजळी म्हणजे अजीर्ण, भाजल्यासारखा पांढरा रंग म्हणजे भूक, आणि तांबूस तपकिरी छटा म्हणजे आरोग्य.

आपल्याकडे ही विद्या मुंबईच्या टॅक्सींभोवती विशेष बहरली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या गाड्या या शहराने अनेक दशके राबविल्या, आणि त्यांच्याबरोबरच गल्लीबोळांतील गॅरेजांत मिस्त्रींची एक परंपरा वाढली, की जिला मोजमापाचे यंत्र जवळजवळ नव्हतेच, परंतु नाकाने एक्झॉस्टचा वास घेऊन पेट्रोलात रॉकेलची भेसळ आहे की नाही हे सांगता येत होते, आणि बॉनेट न उघडता, केवळ कानाने, चारपैकी कोणता सिलिंडर मिसिंग मारतो हे ओळखता येत होते. २०२३ साली पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या, तेव्हा वृत्तपत्रांनी गाड्यांना निरोप दिला. त्यांच्याबरोबर लोपलेल्या त्या श्रवणविद्येलाही तोच मान मिळावयास हवा होता. कारण ती विद्या अडाणी नव्हती. तिला आपल्या मर्यादा ठाऊक होत्या, आणि एका वेळी एकच स्क्रू फिरवावयाचा, तोही किती आटे फिरविला ते लक्षात ठेवून, हा तिचा दंडक पुढे आलेल्या सर्व उपकरणांहून मोलाचा होता.

परंतु विसाव्या शतकाच्या प्रारंभीच, मोटारीपासून दूर, एक असे यंत्र जन्मास आले होते की ज्यापुढे केवळ कान आणि नाक अपुरे पडणार होते. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये घेतलेल्या पेटंटातील कल्पना अशी, की इंजिनाच्या एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या उष्ण वायूने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबावी आणि ती दाबलेली हवा इंजिनाच्या घशात बळेच घालावी. हाच टर्बो. १९१८ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने सुमारे १४,००० फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर लिबर्टी नावाचे विमानइंजिन नेऊन त्याला टर्बो जोडला, आणि विरळ हवेत दुर्बल होणारे ते इंजिन समुद्रसपाटीवरील आपली शक्ती परत मिळविते, हे प्रत्यक्ष सिद्ध केले. येथून इंजिनाच्या श्वासावर वातावरणाचा जो नैसर्गिक निर्बंध होता तो उठला. आता हवा दीडपट घालता येत होती, दुप्पट घालता येत होती. आणि म्हणून इंधनही त्याच हिशेबाने, त्याच क्षणी, दीडपट आणि दुप्पट हजर करणे प्राप्त झाले.

ते हजर झाले नाही तर काय होते, हे समजण्यास आणखी काही वर्षे लागली. दाबलेली हवा तापते, तापलेल्या मिश्रणाचा काही भाग ज्वाला पोहोचण्यापूर्वीच स्वतः होऊन स्फोट पावतो, आणि सिलिंडरात हातोडा मारल्यासारखा ध्वनी उमटतो. त्यालाच आपण नॉकिंग म्हणतो. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून पद्धतशीर प्रयोग करून, हा दोष इंजिनाइतकाच इंधनाच्या जातीवर अवलंबून असतो आणि टोल्युइनसारखी द्रव्ये त्याला विशेष प्रतिकार करतात, हे दाखवून दिले. अमेरिकेत थॉमस मिजली याने डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राइथिल लेड या शिसेयुक्त द्रव्याचा नॉकिंगविरोधी गुण शोधला. ते थेंबभर घातल्याने नॉकिंग थांबे, पण ते बनविणारे कामगार १९२४ मध्ये भ्रमिष्ट होऊन मेले, आणि तरीही जगाने ते विष पुढील अर्धशतकाहून अधिक काळ मोटारींतून हवेत सोडले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलावर सर्वत्र बंदी आली ती १ फेब्रुवारी २००० रोजी. या बंदीने लोकांच्या फुप्फुसांचे व मुलांच्या मेंदूचे रक्षण झाले, हे तिचे खरे श्रेय. पण निदानशास्त्राच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट घडली. प्लगवरील तो परिचित तपकिरी रंग बऱ्याच अंशी शिशाच्या क्षारांचा होता. शिसे गेले आणि जुन्या मिस्त्रींच्या डोळ्यांनी पाठ केलेली वर्णमालाच बदलली. साक्षीदार तोच राहिला, पण त्याची भाषा निराळी झाली.

या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण मात्र मोटारीचे नसून विमानाचे आहे, आणि त्याची नायिका पुन्हा एक स्त्री आहे. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात जे घनघोर युद्ध झाले, त्यात स्पिटफायर व हरिकेन या ब्रिटिश विमानांना एक विचित्र व्याधी जडलेली होती. जर्मन मेसरश्मिट विमानाने एकाएकी नाक खाली करून सूर मारला आणि ब्रिटिश वैमानिकाने तसाच पाठलाग केला, की त्याचे मर्लिन इंजिन आचके देऊन बंद पडे. जर्मन इंजिनात मात्र इंधन थेट सिलिंडरात फवारले जात असल्याने ते निर्वेध चालत राही. नाक एकदम खाली गेले की विमानातील प्रत्येक वस्तू छताकडे झेपावते, म्हणून कार्बोरेटरच्या कुंडीतील पेट्रोलही वर गेले, तळाचे जेट कोरडे पडले आणि इंजिन उपाशी राहिले, हे स्पष्टीकरण कोणालाही पटावे असेच होते. ते खोटेही नव्हते. पण ते अर्धे होते.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारी बिॲट्रिस शिलिंग ही अभियांत्रिकीची पदवीधर होती, आणि ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गावर मोटारसायकल ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने पळवून तिने तेथील सुवर्णतारा मिळविला होता. म्हणजे कार्बोरेटर तिने पुस्तकात जसा पाहिला होता तसाच गुडघ्यांखालीही अनुभवला होता. तिच्या ध्यानी आलेला क्रम असा. पहिल्या क्षणी भूक पडते खरी, आणि इंजिन अडखळते; परंतु ती क्षणिक असते. खरा घात त्यानंतर होतो. कुंडीतील इंधनाची पातळी राखणारा तरंगता गोळा उलट्या ओढीने फसतो, झडप सताड उघडी राहते, आणि पंप आपल्या पूर्ण बळाने कुंडीत पेट्रोल ओततच राहतो. कुंडी तुडुंब भरते, आणि विमान सावरताच तो सारा पूर हवा दाबणाऱ्या सुपरचार्जरमार्गे इंजिनात शिरून त्याचा प्राण कोंडतो. इंजिन मरत होते ते भुकेने नव्हे, अजीर्णाने. जो कोणी पहिल्या लक्षणावर समाधान मानून इंधनाचा पुरवठा वाढविता, तो त्या पुराला आणखी एक दार उघडून देता.

उपाय निदानाइतकाच साधा निघाला. इंधनाच्या वाटेवर मध्यभागी छिद्र असलेली एक लहानशी धातूची चकती बसवावयाची, आणि ते छिद्र एवढेच ठेवावयाचे की इंजिनाला पूर्ण शक्तीवर जास्तीत जास्त जितके पेट्रोल लागते तितकेच त्यातून जावे, अधिक नाही. मार्च १९४१ पासून तिच्या लहानशा पथकाने विमानतळांवर फिरून या चकत्या बसविल्या. दोष यामुळे समूळ गेला नाही. पुढे दाबाखाली चालणारे नवे कार्बोरेटर आले तेव्हा तो गेला. परंतु पाठलागात इंजिन साफ बंद पडणे थांबले, आणि असंख्य वैमानिकांच्या प्राणांवरचे संकट पैशाएवढ्या एका चकतीने टळले. मला या प्रकरणाचे महत्त्व वाटते ते त्या चकतीपेक्षाही तिच्या आधी झालेल्या विचारासाठी. सर्वमान्य, सयुक्तिक आणि अर्धसत्य अशा स्पष्टीकरणापाशी न थांबता, घटनेच्या पहिल्या क्षणामागून दुसऱ्या क्षणी काय घडले असा प्रश्न विचारणे, हा निदानाचा आत्मा आहे.

युद्धानंतर टर्बो मोटारीत आला, तेव्हा हा धडा नव्याने शिकावा लागला. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी निघाली. तिच्या साडेतीन लिटरच्या इंजिनात दाबाचे प्रमाण १०.२५ इतके उंच ठेवले असल्याने नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथाइल अल्कोहोल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून आत सोडावे लागे. ही टाकी रिकामी झाली की सुरक्षेची योजना बूस्ट, म्हणजे टर्बोने चढविलेला हवेचा दाब, आपोआप रोखून धरी. पुष्कळ मालकांनी टाकी भरण्याकडे दुर्लक्ष केले आणि गाडीत जोर नाही अशी तक्रार घेऊन ते दुकानदारांकडे गेले; इंजिन निर्दोष होते, पंप निर्दोष होता, रिकामी होती ती एक बाटली. अखेर कंपनीने अनेक गाड्यांवरील टर्बो काढून त्या जागी साधे कार्बोरेटर बसवून दिले. त्यानंतर दहा वर्षांनी पोर्शेने ९१७ या शर्यतीच्या गाडीच्या पाच लिटर, बारा सिलिंडरांच्या इंजिनाला टर्बो लावले, तेव्हा शक्ती अमाप मिळाली, परंतु ती एकतर मुळीच नसे किंवा एकदम सगळी उसळे. चालक व अभियंता अशा दोन्ही भूमिका पेलणाऱ्या मार्क डॉनह्यूने कारखान्यातील अभियंत्यांबरोबर बसून या विकाराचे मूळ इंधनपंपाच्या जुळणीत शोधले: हवेचा पुरवठा टर्बोच्या लहरीप्रमाणे बदलत होता, आणि पंप मात्र सर्व फेऱ्यांवर व सर्व दाबांवर तिच्याशी मेळ राखीत नव्हता. शिखरावरील शक्ती मोजून भागत नाही, खालपासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर इंधनाचा ताळा जुळला पाहिजे, हे यातून निष्पन्न झाले. १९७२ आणि १९७३ या दोन्ही वर्षी कॅन-ॲम स्पर्धामाला याच जातीच्या गाड्यांनी जिंकली.

दरम्यान, इंधनाच्या कारभारात एक राज्यक्रांती घडून आली होती. १९६७ साली बॉशच्या डी-जेट्रॉनिक या इलेक्ट्रॉनिक पद्धतीने फोक्सवागन १६०० मध्ये प्रवेश केला, आणि १९७३-७४ च्या सुमारास एल-जेट्रॉनिक आली. हवेने आपण होऊन इंधन खेचण्याचा जुना अंमल संपला. आता हवेची मोजदाद करणारा एक मापारी, हिशेब करणारा एक कारकून आणि हुकूम मिळताच ठराविक काळ उघडणारा इंजेक्टर, असा रीतसर कारभार सुरू झाला. आज निदान करणाऱ्याला पदोपदी उपयोगी पडणारा भेद या दोन पद्धतींच्या नावांतच आहे. डी म्हणजे द्रुक, अर्थात दाब: ही पद्धत इनटेक मॅनिफोल्डमधील दाब मोजते आणि त्यावरून हवा किती आली असावी याचा अंदाज बांधते. एल म्हणजे लुफ्ट, अर्थात हवा: ही पद्धत वाटेवरच नाका बसवून आत जाणारी हवाच मोजते.

आता टर्बो आणि इंजिन यांमधील रबरी नळीला भेग पडली आहे, किंवा तिचा क्लॅम्प सैल झाला आहे, अशी कल्पना करा. जिथे हवा नाक्यावर मोजली जाते तिथे, बूस्ट चढताच, मोजली गेलेली हवा नाक्याच्या पुढे वाटेतच निसटते. जकात भरलेला माल गावात पोहोचतच नाही, पण कारकुनाच्या वहीत तो जमा झालेला असतो, आणि त्या खोट्या जमेवर इंधनाचा खर्च पडतो. परिणामी मिश्रण दाट होते आणि एक्झॉस्टमधून काळा धूर निघतो. हीच भेग थ्रॉटलच्या पलीकडे, मॅनिफोल्डवर असेल, तर रिकाम्या चालीवर आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी असल्याने नाका चुकवून चोरवाटेने हवा आत येते, तिची नोंद होत नाही, आणि मिश्रण विरल होते. म्हणजे एकाच छिद्रामुळे मंद चालीत दुष्काळ आणि जोरात महापूर! याउलट, जिथे दाबावरून अंदाज केला जातो तिथे बूस्टखालील तीच गळती इंधनाचा हिशेब फारसा बिघडवीत नाही. केवळ बूस्ट कमी पडतो आणि टर्बोला अकारण धाप लागते. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ गाडी हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो, की हे इंजिन आपली हवा कशी मोजते? जमाखर्चाची रीत ठाऊक नसताना बाकीचा तपास करणे म्हणजे वही न वाचता कारकुनाला दोष देणे होय.

या कारभाराला तपासनीस मिळाला तो १९७६ साली, व्होल्वोच्या गाडीत बॉशचा लॅम्डा सेन्सर बसला तेव्हा. एक्झॉस्टमध्ये किती प्राणवायू उरला आहे हे झिर्कोनिया या सिरॅमिक द्रव्याच्या गुणधर्मावरून सांगणारे हे लहानसे उपकरण, १४.७ या प्रमाणाच्या अलीकडे की पलीकडे, एवढेच उत्तर देई. विचलन किती हे त्याला सांगता येत नसे. बूस्टखाली पेट्रोलाचे टर्बो इंजिन जाणूनबुजून दाट, पुष्कळदा बारा किंवा त्याहूनही कमी प्रमाणावर चालविले जाते, कारण अधिक इंधनाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थंड राहतो व नॉकिंग टळते. आणि नेमक्या याच प्रदेशात हा साक्षीदार मुका होता. पुढे १९९० च्या दशकात विस्तृत टप्प्याचा वाइडबँड सेन्सर प्रचारात आला, तेव्हा प्रथमच पूर्ण भारावरील प्रमाण आकड्यांत वाचता येऊ लागले. त्याआधी साबने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी नॉकिंगची कंपने ऐकून बूस्ट आपोआप उतरविणारी योजना आपल्या टर्बो गाड्यांत आणली होती; मिस्त्रीचा कान अशा रीतीने इंजिनाच्या अंगावरच कायमचा बसविला गेला.

परंतु साक्षीदार वाढले म्हणून सत्य आपोआप हाती येत नाही. लॅम्डा सेन्सर प्राणवायू पाहतो, इंधन पाहत नाही. ठिणगी चुकून एखाद्या सिलिंडरातील मिश्रण न जळताच बाहेर पडले, तर त्यातील न वापरलेला प्राणवायू पाहून तो मिश्रण विरल असल्याचा जबाब देतो, आणि त्या जबाबावर विसंबलेला कारकून आणखी इंधन ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल तर बाहेरची हवा आत शिरून तोच खोटा जबाब देववते. साक्षीदार अप्रामाणिक नसतो. त्याला जेवढे दिसते तेवढेच तो सांगतो. त्याच्या साक्षीची दुसऱ्या पुराव्याशी रुजवात घालणे हे न्यायाधीशाचे काम आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या गाड्यांना ओबीडी-२ ही निदानव्यवस्था सक्तीची झाली आणि भारतातही २०१० नंतर टप्प्याटप्प्याने तिचा अंमल सुरू झाला, तेव्हा गाडीच स्वतःच्या दोषाचा क्रमांक सांगू लागली. आणि त्याबरोबरच, क्रमांक वाचावयाचा व त्यात नाव आलेला भाग बदलून टाकावयाचा, अशी एक घातक सवय फैलावली. "मिश्रण फार विरल" हा शेरा म्हणजे फिर्याद आहे, निकाल नव्हे.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना शिकविले, की बखर कितीही रसाळ असली तरी घटनेच्या काळी लिहिलेला अस्सल कागद हाती येईपर्यंत निर्णय देऊ नये. मालकाने सांगितलेली हकीकत ही बखर होय. ती ऐकावी, तिच्यात सत्याचे धागे असतात, पण तिच्यावर थांबू नये. अस्सल कागद म्हणजे गाडी पळत असताना क्षणाक्षणाला नोंदली गेलेली लॉगची पत्रे. त्यात फेरे, बूस्ट, हवा-इंधनाचे प्रमाण, इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ आणि संगणकाने स्वतः होऊन केलेली दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, ही सारी शेजारी शेजारी मांडलेली असतात. ट्रिम केवळ मंद चालीत वाढून पुढे निवळत असेल तर हवेची चोरवाट शोधावी. भाराबरोबर ती वाढतच जात असेल तर पंप, फिल्टर किंवा मोजणारा नाका यांच्याकडे वळावे.

मूळ मर्यादेपलीकडे ताणलेल्या इंजिनात हा तपास विशेष निकडीचा होतो, कारण तिथे कारखान्याने राखलेली शिल्लक मालकाने खर्च करून टाकलेली असते. इंजेक्टरच्या मागे तीन बार दाब आहे आणि मॅनिफोल्डमध्ये एक बार बूस्ट चढला, तर रेग्युलेटरने मागचा दाब चार बार केला पाहिजे. पंप थकल्यामुळे किंवा त्याच्या तारेत विजेचा दाब गळल्यामुळे तो तीनच राहिला, तर इंजेक्टरपुरता खरा दाब दोन बार उरतो, आणि प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलत असल्याने इंधन सुमारे १८ टक्क्यांनी घटते. संगणकाने हुकूम बरोबर दिलेला असतो, इंजेक्टर बरोबर उघडलेला असतो, आणि तरीही पिस्टन वितळू शकतो. तसेच, मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर चार टप्प्यांचे पूर्ण चक्र अवघ्या २० सहस्रांश सेकंदांत संपते; त्यांपैकी १७-१८ सहस्रांश सेकंद इंजेक्टर उघडाच राहत असेल तर त्याच्यापाशी देण्यासारखे काही उरले नाही, असे समजावे. येथे नकाशातील, म्हणजे किती इंधन द्यावे हे सांगणाऱ्या संगणकातील कोष्टकातील, आकडे वाढविणे व्यर्थ असते. आधी दाब मोजावा, मग गळती शोधावी, मग इंजेक्टरचा प्रवाह तपासावा, आणि सर्वांत शेवटी नकाशाला हात लावावा. हा क्रम मोडला की एक दोष दुसऱ्या दोषाने झाकला जातो आणि पुढे येणाऱ्याला दोन व्याधींचे निदान करावे लागते.

आपल्या महाराष्ट्राला तर या शास्त्राची गरज आता नव्या कारणाने भासत आहे. आपल्याच साखर कारखान्यांच्या परिसरात तयार होणारे इथेनॉल आज पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. शुद्ध इथेनॉलला एका भागामागे नऊच भाग हवा लागते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ वरून सुमारे साडेतेरावर येते, म्हणजे तितक्याच हवेसाठी सुमारे आठ-नऊ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. मंद चालीत लॅम्डाच्या साक्षीवरून संगणक ही तूट भरून काढतो. परंतु निव्वळ पेट्रोलावर बेतलेल्या ज्या जुन्या नकाशांत पूर्ण बूस्टखाली ही साक्ष विचारातच घेतली जात नाही, त्यांत नेमक्या घातक क्षणी इंजिन उपाशी राहते. इथेनॉल नॉकिंगला चांगला प्रतिकार करते, हा त्याचा गुण आहे आणि तो कृतज्ञतेने मान्य केला पाहिजे. पण त्या गुणाचा लाभ मिळतो तो हिशेब नव्याने मांडणाऱ्याला.

बेर्टा बेंझच्या पिनेपासून शिलिंगच्या चकतीपर्यंत आणि तेथून आजच्या लॉगच्या पत्रांपर्यंत हा प्रवास मनाशी उजळला, म्हणजे एक गोष्ट विशेष लक्षात येते. पहिल्या स्त्रीने इंधनाच्या वाटेतील अडथळा काढला आणि इंजिन चालू झाले. दुसऱ्या स्त्रीने इंधनाच्या वाटेत अडथळा बसविला आणि इंजिन चालू राहिले. दोन्ही प्रसंगी बाहेरून दिसणारे लक्षण एकच होते, इंजिन बंद पडत होते. आणि उपाय मात्र एकमेकांच्या नेमके उलट होते. त्या दोघींपैकी कोणीही दुसरीचा उपाय उसना घेऊन आपल्या यंत्रावर योजिला असता तर फसली असती. म्हणून गॅरेजात नव्याने उभ्या राहणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला, त्याच्या हाती स्कॅनर असो वा नुसता पाना असो, माझे एवढेच मनापासूनचे सांगणे आहे, की औषधाचा हात पुढे करण्यापूर्वी त्याने इंजिनाला विचारावे: तू उपाशी आहेस, की तुला अजीर्ण झाले आहे? आणि त्याचे उत्तर एका साक्षीदाराच्या तोंडून नव्हे, दोघांच्या तोंडून ऐकावे.